वाचकांचे प्रश्न : चामडे हाताने शिवण्यासाठी घरगुती चिमटा

प्रश्न : मी हौस म्हणून चामड्याची पाकिटे, चष्म्याची घरे आणि कमरेचे पट्टे हाताने शिवतो. दोन सुयांचा टाका घालताना दोन्ही हात सुयांमध्ये गुंततात आणि काम धरायला काहीच उरत नाही. सध्या मी काम गुडघ्यांत धरतो किंवा टेबलाच्या कडेला दाबून ठेवतो. त्यामुळे टाके वाकडे येतात आणि मानही अवघडते. तयार चिमटा घेण्यापेक्षा तो घरी बनवावा, असा विचार आहे. माझ्याकडे करवत, गिरमिट, कानस आणि स्क्रू ड्रायव्हर एवढीच हत्यारे आहेत व सुतारकामाचा फारसा सराव नाही. असा चिमटा मला जमेल का, आणि तो कोणत्या मापाचा करावा?

उत्तर : आपल्याजवळ आहेत तेवढी हत्यारे पुरेशी आहेत. सराव नसल्याचेही फारसे अडणार नाही, कारण या चिमट्यात अचूकपणा हवा असतो तो केवळ वरच्या बोटभर भागात, जिथे दोन जबडे एकमेकांना टेकतात. बाकीची बांधणी ओबडधोबड असली तरी चालते. घरी बनवलेले बरेच चिमटे नेमके याच्या उलट झालेले दिसतात. बूड भक्कम असते, कडा गुळगुळीत असतात, वरून वॉर्निशचा हात दिलेला असतो. जबडे मात्र एका टोकाला मिटलेले आणि दुसऱ्या टोकाला उघडे राहतात. असा चिमटा कितीही देखणा असला तरी प्रत्येक टाका ओढताना त्यातले काम थोडेथोडे फिरते आणि शिवण बिघडते.

दोन सुयांच्या टाक्यात एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई असते आणि प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया विरुद्ध दिशांनी जातात. त्यामुळे चामड्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याची अखंड रेघ दिसते आणि एका ठिकाणी दोरा झिजून तुटला तरी दुसरा फेरा शिवण धरून ठेवतो. शिवणयंत्राच्या नेहमीच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन स्वतंत्र दोरे चामड्याच्या जाडीत एकमेकांना अडकवलेले असतात. त्यांतला एक तुटला की शेजारचे टाके सैल होऊ लागतात. हाताच्या टाक्याचा टिकाऊपणा या फरकात आहे, पण त्याची किंमत म्हणजे दोन्ही हात सतत कामात राहतात. म्हणून चिमट्याने काम उभे आणि स्थिर धरावे, शिवणीची रेघ डोळ्यांसमोर मोकळी ठेवावी, आणि पुढच्या चार बोटांच्या शिवणीसाठी काम सरकवायचे झाले की क्षणात सैल व्हावे. खोगीर बनवणारे कारागीर पूर्वीपासून गुडघ्यांत धरायचा लांब लाकडी चिमटा वापरत आले आहेत. जुन्या पिंपांच्या वाकलेल्या फळ्या जोडूनही तो केला जाई. त्या फळ्यांचा बाक हीच त्याची स्प्रिंग. आपल्या चिमट्यातही लाकडाची स्वतःची लवचीकताच वापरायची आहे, त्यामुळे बिजागरी आणि वेगळी स्प्रिंग ही दोन्ही कटकटी टळतात.

सामान म्हणून १२ मिलिमीटर जाडीच्या चांगल्या प्लायवुडच्या दोन फळ्या घ्याव्यात. प्रत्येक फळी ३५ सेंटिमीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटर रुंद असावी. प्लायवुडच्या वरच्या थराचे रेषे फळीच्या लांबीच्या दिशेने गेले पाहिजेत. आडवे रेषे असलेली फळी वाकवली की लवकर मोडते. सरळ रेषांचे, गाठी नसलेले साधे लाकूडही चालेल. भुसा दाबून केलेले बोर्ड मात्र टाळावेत, कारण ते लवत नाहीत आणि त्यांत स्क्रू फार काळ टिकत नाही. याशिवाय बुडाशी बसवायला एक लाकडी ठोकळा, बैठकीसाठी ४५ बाय २० सेंटिमीटरची आणि सुमारे १८ मिलिमीटर जाडीची फळी, ८ मिलिमीटर व्यासाचा व ८० मिलिमीटर लांबीचा एक बोल्ट, त्याला हाताने फिरवता येईल असा पंखांचा नट, दोन मोठे वॉशर, स्क्रू, लाकडाचा गोंद आणि जबड्यांना लावायला चामड्याचे दोन तुकडे लागतील. बोल्ट शक्यतो गोल डोक्याचा आणि डोक्याखाली चौकोनी मान असलेला घ्यावा. ती मान लाकडात रुतून बसते, त्यामुळे नट फिरवताना बोल्ट सोबत फिरत नाही आणि दुसऱ्या हाताने पान्याने धरावा लागत नाही. या बोल्टच्या डोक्याखाली वॉशर घालू नये, नाहीतर मान लाकडापर्यंत पोहोचणारच नाही. दोन्ही वॉशर नटाच्या बाजूला येतील.

या बांधणीत विचार करण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ठोकळ्याचा उतार. ठोकळा ८ सेंटिमीटर उंच आणि फळ्यांइतकाच रुंद ठेवावा. त्याची जाडी खाली ४० मिलिमीटर आणि वर ३२ मिलिमीटर असावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी प्रत्येकी ४ मिलिमीटर उतार येईल. अशा ठोकळ्याला फळ्या जोडल्या की त्या वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि शेंड्याला त्यांच्यात साधारण ५ मिलिमीटर अंतर उरते. पुढे प्रत्येक जबड्याला दोन मिलिमीटर जाडीचे चामडे लागले की ते अंतर सुमारे एक मिलिमीटरवर येते. बोल्ट आवळला की फळ्या किंचित लवून मिटतात, आणि सैल केला की आपल्या आपण उघडतात. ठोकळा चौकोनी ठेवून फळ्या समांतर बसवल्या तर बोल्टच्या जोरावर त्यांना चार सेंटिमीटर वाकवावे लागेल; मग स्क्रू उपटू लागतात. उतार रंध्याशिवाय, केवळ करवत आणि कानशीनेही काढता येतो. दोन्ही बाजूंचा उतार सारखा असावा एवढेच पाहावे. ठोकळ्याचे रेषे त्याच्या रुंदीच्या दिशेने आडवे ठेवावेत, म्हणजे बाजूंचे आणि खालून येणारे असे सगळे स्क्रू रेषांच्या आडवे जातील आणि घट्ट बसतील.

बोल्टचे छिद्र जोडणी करण्याआधीच पाडावे. दोन्ही फळ्या एकमेकींवर नीट जुळवून, दोरीने बांधून, वरच्या टोकापासून ११ सेंटिमीटर खाली आणि रुंदीच्या बरोबर मध्यावर ८ मिलिमीटरचे छिद्र आरपार पाडावे. नंतर ज्या फळीच्या बाहेर नट येणार आहे तिचे छिद्र १० मिलिमीटरपर्यंत मोठे करावे. फळ्या तिरप्या असल्यामुळे बोल्ट दोन्ही छिद्रांतून अगदी काटकोनात जात नाही. छिद्रात मोकळीक नसली तर तो अडकतो आणि चिमटा उघडताना खडखडतो. बोल्ट आणखी वर घेतल्यास पकड वाढते, पण काम खोलवर घालायला जागा कमी पडते. पाकिटे व पट्टे यांना ११ सेंटिमीटर खोली पुरते. पिशव्या शिवायच्या असतील तर फळ्या पाच सेंटिमीटर जास्त लांब घ्याव्यात आणि बोल्ट तेवढा खाली ठेवावा.

आता जबड्यांचे ओठ. प्रत्येक फळीची वरची बाहेरची कड कानशीने उतरती करावी, इतकी की शेंड्याला चार-पाच मिलिमीटरच जाडी उरेल आणि उतार खाली अडीच सेंटिमीटरपर्यंत जाईल. हा उतार केवळ शोभेचा नाही. आरी, म्हणजे चामड्याला छिद्र पाडायचे टोकदार हत्यार, टोचताना मुठीला आणि सुई ओढताना बोटांना जबड्याशेजारी जागा लागते. १२ मिलिमीटरचा बोथट काठ मध्ये आला की आरी तिरपी धरावी लागते आणि मागच्या बाजूची छिद्रे रेघ सोडतात. कडा पॉलिश पेपरने गोल कराव्यात, कारण त्यांवरून दोरा शेकडो वेळा घासत जाणार आहे.

यानंतर फळ्या ठोकळ्याला गोंद आणि प्रत्येकी चार स्क्रू यांनी जोडाव्यात. दोन्ही बाजूंचे स्क्रू समोरासमोर येऊ नयेत, म्हणून ते खालीवर लावावेत. स्क्रूसाठी आधी बारीक छिद्रे पाडली नाहीत तर ठोकळा फाटण्याची शक्यता असते. गोंद पूर्ण वाळल्यावर, चामडे लावण्याच्या आधी, बोल्ट घालून जबडे हलकेच मिटवावेत आणि उजेडासमोर धरून पाहावे. फटीतून कुठे उजेड दिसला तर दोन ओठांच्या मध्ये पॉलिश पेपर घालून, जबडे जेमतेम टेकतील एवढेच आवळून, तो पुढेमागे ओढावा. नंतर कागद उलटा करून दुसरा ओठ घासावा. जिथे लाकूड जास्त टेकते तिथेच ते झिजते, त्यामुळे दोन्ही ओठ एकमेकांना जुळत जातात. शेवटी दोन्ही टोकांना साध्या कागदाची एकेक पट्टी धरून ओढून बघावी. दोन्हीकडे सारखाच जोर लागला की काम झाले. एक संध्याकाळ गेली तरी या पायरीला वेळ द्यावा. सगळ्या चिमट्यात वेळ खर्च करण्याजोगी जागा हीच आहे.

जबड्यांच्या आतून लावायचे चामडे झाडाच्या सालीने कमावलेले, दोन ते तीन मिलिमीटर जाडीचे आणि न रंगवलेले असावे. त्याची खरखरीत बाजू लाकडाकडे आणि गुळगुळीत बाजू कामाकडे ठेवावी. रबरी चिकटवण दोन्ही पृष्ठभागांना पातळ लावून, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत वाळू द्यावे आणि मग दाबून बसवावे. चामडे ओठाच्या कडेशी अगदी समतल कापावे, वर वळवू नये.

राहता राहिली बैठक. उभा भाग रुंद फळीच्या मध्यावर खालून तीन लांब स्क्रूंनी बसवावा. एक जबडा आपल्या डाव्या हाताला आणि दुसरा उजव्या हाताला येईल, म्हणजेच शिवणीची रेघ आपल्यापासून दूर जाईल, अशा दिशेने तो लावावा. खुर्चीवर बसून ती फळी मांड्यांखाली घेतली की शरीराच्या वजनानेच चिमटा स्थिर राहतो आणि दोन मांड्यांच्या मधून वर येतो. ३५ सेंटिमीटर ही फळ्यांची लांबी बहुतेकांना चालते. तरीही आपली स्वतःची उंची मोजून घ्यावी. ताठ बसून कोपर वाकवावे, खुर्चीच्या बैठकीपासून कोपरापर्यंतचे अंतर घ्यावे आणि त्यात आठ-दहा सेंटिमीटर मिळवावे. तेवढ्या उंचीवर ओठ आले की मान न वाकवता टाका दिसतो. हाच चिमटा टेबलाला जखडून वापरला तर तो फार उंच होतो आणि खांदे भरून येतात, म्हणून टेबलासाठी फळ्या वीस सेंटिमीटरच्याच आसपास ठेवाव्या लागतात. तशा आखूड फळ्या फारशा लवत नाहीत, म्हणून बसून वापरायचा उंच चिमटाच मला अधिक पसंत आहे.

आपण चिमटा केल्यावर एक त्रास हमखास जाणवेल : टाका ओढताना दोऱ्याचा फास पंखांच्या नटात अडकतो. नटावर चामड्याचा एक तुकडा पडद्यासारखा लटकवून त्याची वरची कड फळीला दोन बारीक खिळ्यांनी ठोकून टाकावी.

प्रश्न : माझ्याकडे गिरमिटही नाही आणि मला वर्षातून एखाददुसरीच वस्तू शिवायची असते. छिद्र न पाडता, बोल्ट न वापरता काही करता येईल का?

उत्तर : येईल. सुमारे पाऊण मीटर लांबीच्या दोन चिवट लाकडी पट्ट्या घ्याव्यात, खालच्या टोकाला त्यांच्यामध्ये दोन बोटे जाडीचा ठोकळा ठेवावा आणि ठोकळ्यासह ते टोक मजबूत दोऱ्याने आवळून बांधावे. वरच्या टोकांना आतून चामडे चिकटवावे. खुर्चीवर बसून खालचे टोक जमिनीवर टेकवावे आणि मधला भाग गुडघ्यांनी दाबावा. वरचे ओठ मिटतात आणि गुडघे सैल केले की उघडतात. वर सांगितलेला खोगिरकारांचा चिमटा याच तत्त्वावर चालतो, आणि सवय झाल्यावर तो नट-बोल्टच्या चिमट्यापेक्षा भरभर काम करू देतो, कारण काम सरकवताना हात सुईवरून काढावे लागत नाहीत. दीर्घ शिवणीत मांड्या थकतात, हा त्याचा दोष. तसे झाल्यास गुडघ्यांच्या किंचित वर दोन्ही पट्ट्यांभोवती सैलसर दोरीचा वेढा घालून त्यात बाहेरून लाकडी पाचर सरकवावी. कागद धरायचे मोठे लोखंडी क्लिप दोन पट्ट्यांवर लावून काम भागवण्याचा सल्लाही दिला जातो. लहान पाकिटाला ते पुरते; पण क्लिप हाताच्या आड येतात आणि प्रत्येक वेळी सगळ्या काढून पुन्हा लावाव्या लागतात.

प्रश्न : मी बनवलेल्या चिमट्यात काम घट्ट धरले जाते, परंतु फिकट रंगाच्या चामड्यावर दाबाचे वळ उठतात, आणि एका कामावर तर काळे डाग पडले. ते कशाने?

उत्तर : वळ आणि डाग यांची कारणे निराळी आहेत. सालीने कमावलेले चामडे ओलसर असताना ठसा चटकन उचलते आणि वाळल्यावर तो तसाच राहतो. नक्षीकाम करणारे कारागीर याच गुणाचा उपयोग करतात. म्हणून घडी घालण्यासाठी भिजवलेले काम पूर्ण वाळल्याशिवाय चिमट्यात धरू नये. चामडे कोरडे असूनही वळ उठत असतील तर नट गरजेपेक्षा जास्त आवळला जात आहे. चिमट्याने काम फिरू देऊ नये, एवढाच दाब हवा; ते बोटाने जोर लावून वर उपसता आले तरी हरकत नाही. दाब वाढवावा लागतो तो बहुधा ओठ नीट न जुळल्यामुळे, त्यामुळे आधी कागदाच्या पट्टीची कसोटी लावून पाहावी. जबड्याच्या चामड्यावर मेणाचे कण व चामड्याचा चुरा साचतो आणि तोच दाबाखाली कामात रुततो. कोरड्या कापडाने तो मधूनमधून पुसावा.

काळे डाग हे लोखंडाचे असतात. सालीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन हे सालीतले तुरट द्रव्य असते, आणि ओलाव्याच्या सान्निध्यात लोखंड व टॅनिन यांच्यापासून काळपट निळा पदार्थ तयार होतो. जुन्या काळची काळी शाई याच रासायनिक क्रियेने करीत असत. आपल्या चिमट्यात काम खोलवर गेले की ते उघड्या बोल्टला टेकते. हाताच्या घामाचा ओलावाही तेवढ्याला पुरतो. जबडे मिटलेले असताना बोल्टपाशी फळ्यांमध्ये जेवढे अंतर उरते तेवढी प्लास्टिकची किंवा रबराची नळी बोल्टवर चढवावी, म्हणजे प्रश्न मिटतो. ती फार लांब मात्र नसावी, नाहीतर जबडे मिटणार नाहीत. ताजा डाग लिंबाच्या पातळ रसाने फिका होतो, पण त्या जागेचा मूळ रंगही थोडा बदलतो, म्हणून आधी कापून टाकलेल्या तुकड्यावर करून पाहावे. जबड्यांना गडद रंगवलेले चामडे लावले असेल तर त्याचा रंगही फिकट कामावर उतरू शकतो.

प्रश्न : चिमटा केल्यापासून पुढच्या बाजूचे टाके सुरेख येतात, पण मागची रेघ नागमोडी जाते. चिमट्यात दोष आहे का?

उत्तर : थोडा चिमट्याच्या वापरात आणि बराचसा आरीत. बरेच जण शिवणीची रेघ स्पष्ट दिसावी म्हणून काम ओठांच्या दोन-अडीच सेंटिमीटर वर काढतात. एवढे उघडे चामडे आरीच्या जोराने पलीकडे झुकते, आणि झुकलेल्या चामड्यात सरळ गेलेली आरी मागे खाली किंवा वर निघते. छिद्रांची रेघ ओठांपासून पाच-सहा मिलिमीटरपेक्षा वर नसावी. काठापासून शिवण साधारण तीन-चार मिलिमीटर आत असते असे धरले तर काम ओठांच्या वर जेमतेम एक सेंटिमीटर दिसले पाहिजे.

एवढे करूनही रेघ हलली तर आरीकडे पाहावे. शिवणाच्या आरीचे पाते आडव्या छेदात पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे असते आणि ते प्रत्येक छिद्राला एकाच कलाने धरावे लागते. मनगट फिरले की छिद्राचा कल बदलतो. चिमटा डावीकडे किंचित झुकवून धरला तर उजव्या हाताने काम करणाऱ्याला पुढची बाजू अधिक दिसते, पण मग आरीही तेवढीच झुकवावी लागते. म्हणून हात बसेपर्यंत चिमटा उभाच ठेवावा आणि आरी जमिनीला समांतर जाते की नाही, हे दर दोन-तीन छिद्रांनंतर शेजारून पाहावे. डाव्या हाताची बोटे पलीकडे जिथे आरीचे टोक बाहेर येणार तिथे ठेवण्याचा मोह होतो, तो आवरावा. सुयांचा क्रमही बदलू नये : पहिल्या छिद्रात जी सुई आधी घातली आणि दुसरी तिच्या ज्या बाजूने नेली, तोच क्रम शेवटच्या छिद्रापर्यंत ठेवावा. मध्येच क्रम उलटला तर त्या एका टाक्याचा कल बदलतो आणि मागून पाहताना तो लगेच डोळ्यांत भरतो.